पाचला उठणारे आणि तीनला उठणारे

माझा मामेभाऊ पुण्यात हिंजवडीला एका कंपनीत आहे. चांगला मुलगा आहे. गावाकडच्या कुणाचं पुण्यात दवाखान्याचं काम निघालं की पहिला फोन त्याला जातो, आणि तो रजा टाकून धावतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्याशी भांडणार आहे.

गेल्या दिवाळीत तो बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी आला होता. ओसरीवर बसून सगळ्यांना मोबाइलवर एक रील दाखवत होता. कोट घातलेला एक माणूस हात हलवून सांगत होता की गरिबी ही परिस्थिती नसते, मानसिकता असते. श्रीमंत माणूस पहाटे पाचला उठतो, गरीब माणूस आठला उठून नशिबाला दोष देतो. दादा म्हणाला, "शंभर टक्के खरंय हे."

माझी मावशी, म्हणजे त्याची आत्या, शेजारीच बसून बोचकी बांधत होती. दोन दिवसांनी टोळी निघायची होती. तवा, पीठ, गोधड्या, प्लास्टिकचा कागद, नातवाचे कपडे. तिने मान वर न करता विचारलं, "कवा उठतो म्हणला त्यो?"

"पाचला, आत्या."

"पाचला? मंग लईच उशिरा उठतो की."

सगळे हसले. दादाही हसला. मग त्याने बोट फिरवून पुढचं रील लावलं.

मला ते हसण्यावारी नेता आलं नाही. दादा वाईट आहे म्हणून नाही. उलट, तो चांगला असूनही त्याला हे पटतं, म्हणून. स्वतःची आत्या ऊसतोडीला जाते, पहाटे तीनला उठते, आणि तिच्यासमोर बसून तो 'गरीब आठला उठतात' या वाक्याला शंभर टक्के देतो. समोरचं दिसत असताना रीलमधलं खरं वाटतं, याला काय म्हणायचं?

हा समज फक्त दादाचा नाही. 'लाडकी बहीण'चे दीड हजार जमा झाले की आपल्या ग्रुपांवर काय फिरतं ते आठवा. रेशनच्या तांदळावर काय विनोद होतात ते आठवा. 'फुकटे', 'आमच्या टॅक्सवर जगतात', 'आता शेतात कामाला माणूस मिळत नाही'. माझं म्हणणं असं की हे चूक आहे, आणि नुसतं चूक नाही, सोयीचं आहे. गरिबी आळसातून येते असं एकदा मानलं की आपल्याला काही करावं लागत नाही. काही द्यावं लागत नाही. आपण कशाच्या जिवावर वर आलो, हेही विचारावं लागत नाही.

उचलीचं गणित

ज्यांनी ऊसतोड फक्त बातमीत पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बीड आणि आसपासच्या कोरडवाहू पट्ट्यातून दरवर्षी लाखो माणसं दसरा-दिवाळीच्या सुमाराला घर सोडतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर, नगर, काही कर्नाटकात. चार ते सहा महिने कारखान्याच्या आसपास, कोपी घालून. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. म्हणजे मजुरीच्या वहीत दोन माणसं मिळून एक आकडा असतो, आणि तो आकडा बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावावर असतो. एकाने तोडायचं, दुसऱ्याने वाढे साळून मोळी बांधायची, डोक्यावरून वाहून गाडीत रचायची. ट्रक रात्री बाराला आला तर बाराला उठून भरायचा.

आता हिशेब करू. हंगामाच्या आधी मुकादमाकडून 'उचल' घ्यायची, म्हणजे आगाऊ रक्कम. समजा एका कोयत्याने १ लाख घेतले. तोडणीचा दर टनाला साडेतीनशेच्या थोडा वर आहे, आपण ३६५ धरू. एक जोडपं दिवसाला सरासरी दोन टन ऊस तोडतं असं धरलं, तर दोघांची मिळून दिवसाची कमाई होते ७३० रुपये. १ लाख फिटायला लागतात १३७ दिवस. साडेचार महिने. त्यात एकही सुट्टी नाही, ताप नाही, पाळी नाही, लेकराचं आजारपण नाही. एक दिवस चुकला तर 'खाडा' पडतो. त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो. त्या १३७ दिवसांत खायचं काय? त्यासाठी मुकादमाकडून आठवड्याचा खर्च घ्यायचा, आणि तोही उचलीतच चढतो. वाढे विकून जे चार पैसे सुटतात, तेवढेच हातात.

आणि हंगाम १०० दिवसांत आटोपला तर? पाऊस कमी झाला, ऊस कमी आला, हे काही नवं नाही. तर ७३ हजार फिटले आणि २७ हजार अंगावर राहिले. पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे, त्याच्या दराने, त्याच्या अटीवर. म्हणजे वर्षभर राबून माणूस शून्याला नाही, शून्याच्या खाली पोचतो.

या हिशेबात आळस कुठे बसवायचा ते मला दाखवा. या जोडप्याने अजून एक तास लवकर उठून नेमकं काय करायचं? दोनला उठायचं?

देशात १९७६ सालापासून वेठबिगारीला बंदी घालणारा कायदा आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाचं दुसरीकडे काम करायचं स्वातंत्र्य गेलं, तर ती वेठबिगारी, असं तो कायदा सांगतो. १९८२ साली, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने त्याहून पुढे जाऊन सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेलं काम हे सक्तीचंच काम. कारण पोटाची सक्ती हीसुद्धा सक्तीच. हे सगळं पुस्तकात आहे. उचल मात्र बहुतेकदा तोंडी असते. कागद झालाच तर तो मुकादमाकडे असतो.

शरीर गहाण

खाड्याचं गणित शरीरापर्यंत कसं पोचतं, ते २०१९ साली महाराष्ट्राला कळलं. म्हणजे कळलेलं आधीपासून होतं, बातमी तेव्हा झाली. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांमध्ये गर्भपिशवी काढून टाकण्याचं प्रमाण भयंकर आहे, असं पुढे आलं. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, त्यांत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे.

माझ्या मावशीचं ऑपरेशन झालं तेव्हा ती तिशीत होती. तालुक्याच्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात. पोटात दुखतं म्हणून गेली, "ठेवली तर कॅन्सर होईल" असं ऐकून आली. ऑपरेशनचा खर्च कुठून आला? मुकादमाकडून. म्हणजे पुढच्या हंगामाची उचल पिशवी काढण्यात गेली, आणि पिशवी काढल्यावर हाडं दुखायला लागली तेव्हा ती उचल फेडायला उसात उतरावंच लागलं.

बाहेरून बघणारा म्हणेल, अडाणीपणा. पण तिच्या जागी बसून पाहा. फडात मोरी नाही, पाणी नाही, चार दिवसांची विश्रांती घ्यायची सोय नाही, खाडा पडतो. डॉक्टर म्हणतो एकदाचा त्रास जाईल. तुम्ही त्या जागी असता तर वेगळं ठरवलं असतं, हे कशाच्या जोरावर म्हणता? निर्णय चुकीचा असेल. पण समोर ठेवलेले सगळेच पर्याय नासके असताना त्यातला एक उचलणं, याला मानसिकता म्हणत नाहीत.

डोक्याचा प्रश्न

'पण गरीब लोक निर्णयच चुकीचे घेतात', हा यानंतरचा ठरलेला मुद्दा. त्यावर उसाचंच एक उदाहरण आहे. संशोधकांनी तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांची बुद्धीची आणि एकाग्रतेची चाचणी दोनदा घेतली. एकदा तोडणीच्या आधी, हातात पैसा नसताना, एकदा तोडणीनंतर, पैसा आल्यावर. तोच शेतकरी पैसा नसताना कमी गुण मिळवत होता आणि पैसा आल्यावर जास्त. हा अभ्यास २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. दोन चाचण्यांमध्ये त्याची जात, शिक्षण, संस्कार, काहीच बदललं नव्हतं. डोक्यावरचं ओझं तेवढं बदललं होतं.

एका अभ्यासावर जग उभं करू नये, हे मान्य. या विषयावर वाद आहेत आणि असावेत. पण यातला मूळ मुद्दा समजायला शास्त्रज्ञ लागत नाही. महिन्याच्या अठ्ठाविसाव्या तारखेला, खात्यात चारशे रुपये असताना, क्रेडिट कार्डाचा मेसेज आल्यावर तुम्ही किती हुशार असता ते आठवा. मावशीची वर्षभर अठ्ठावीस तारीख असते.

दुसरा समज, फुकट पैसा दिला की माणूस काम सोडतो. हे तर तपासूनच पाहिलेलं आहे. अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली होंडुरास, इंडोनेशिया, मोरोक्को, मेक्सिको, निकाराग्वा आणि फिलिपाइन्स या सहा देशांतल्या सरकारी रोख मदतीच्या सात प्रयोगांची आकडेवारी एकत्र पाहिली. पैसे मिळालेल्या लोकांनी काम कमी केलं असं काही आढळलं नाही. बायकांनीही नाही, पुरुषांनीही नाही. 'दारूत उडवतील' याचंही तसंच. डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोव्हा या अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतले अभ्यास चाळले. रोख मदतीने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढतो असं दिसलं नाही. बऱ्याच ठिकाणी तो थोडा कमीच झाला होता.

तरीही हा समज मरत नाही, कारण तो पुराव्यावर उभाच नव्हता. त्याला दुसरी गरज आहे. ती गरज काय, ते सांगण्यासाठी मला घरातली गोष्ट काढावी लागेल.

एका आईची दोन लेकरं

मामा आणि मावशी सख्खे बहीण-भाऊ. एकाच घरात वाढले, एकाच शाळेत चौथीपर्यंत गेले. मावशी अभ्यासात बरी होती, असं आजी सांगायची. आज मामाचा मुलगा हिंजवडीत आहे आणि मावशीचा मुलगा टोळीत. संस्कार सारखे, रक्त सारखं, कष्ट म्हणाल तर मावशीचे जास्त. मग फरक कुठे पडला?

फरक विहिरीचा आहे. आजोबांच्या जमिनीत पाच एकर आणि पाणी लागलेली एक विहीर होती. ती मामाला मिळाली. मावशीचं लग्न झालं ते दीड एकर मुरमाड रानात. विहिरीवर मामाने कापूस केला, मग थोडी भाजी केली, दादाच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी बँकेने कर्ज दिलं ते त्याच जमिनीच्या भरवशावर. महाराष्ट्रात मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा १९९४ साली मिळाला, देशात २००५ साली. कायद्याने मावशीचा हक्क होता. पण आजोबा गेल्यावर तलाठ्याकडे हक्कसोडपत्र झालं, मावशीने सही केली आणि माझ्या आईनेही केली. कुणी जबरदस्ती केली नाही. 'भावाकडे माहेर राहू दे' एवढंच म्हणाले सगळे. साडीचोळी झाली.

दादा म्हणतो, "मी माझ्या मेहनतीवर आलो." मेहनत त्याने केली, खोटं नाही. पण ती मेहनत ज्या विहिरीवर उभी आहे, तिच्यात एक तृतीयांश पाणी त्याच्या आत्याचं आहे. आणि ती आत्या समोर बोचकी बांधत असताना तो म्हणतो, गरिबी मानसिकता असते. आता कळलं, त्या समजाची गरज कुणाला आहे? गरिबी आळसाने येते असं असेल तर दादाचं सगळं दादाचंच. तसं नसेल, तर हिशेब काढावा लागतो.

बांगलादेशात याच प्रश्नाचा निकाल लावायचा एक मोठा प्रयत्न झाला. तिथल्या 'ब्रॅक' या संस्थेने अत्यंत गरीब घरांतल्या बायकांना गाय दिली, सोबत प्रशिक्षण दिलं. कर्ज नाही, दान. संशोधकांनी ६ हजार घरांचा ११ वर्षं माग ठेवला आणि विचारलं की लोक गरीब राहतात ते अंगच्या गुणांमुळे की सुरुवातीला हातात काही नसल्यामुळे? उत्तर असं आलं की मालमत्तेचा एक उंबरठा असतो. गाय मिळाल्यामुळे जी घरं त्या उंबरठ्याच्या वर गेली, ती पुढे आपोआप वर जात राहिली. शेतमजुरी, धुणीभांडी सोडून स्वतःची जनावरं पाळायला लागली. जी घरं गाय मिळूनही उंबरठ्याच्या खालीच राहिली, ती हळूहळू परत घसरली. कामाची इच्छा दोघांनाही होती. कमी पडली ती एका पायरीएवढी मालमत्ता. मामाकडे विहीर होती, मावशीकडे नव्हती.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण मदत करणारेही इथेच चुकतात. उंबरठा ओलांडायला एकरकमी काहीतरी लागतं. थेंब थेंब चालत नाही. आणि ते एकरकमी कर्ज असेल तर तेही बहुतेकदा चालत नाही. बचत गटाचं, मायक्रोफायनान्सचं कर्ज गरिबी संपवेल असं एक काळ जगभर सांगितलं गेलं. २०१५ साली भारत, मेक्सिको, मोरोक्को, मंगोलिया, इथिओपिया आणि बोस्निया या सहा देशांतले अभ्यास एकत्र छापले गेले. छोट्या कर्जांनी काहींना हातभार लागला, पण कुठेही कायापालट झाला नाही. आम्हाला यात नवल नाही. उचल हेसुद्धा छोटं कर्जच आहे, आणि ते दारात येऊन, विनातारण, एका दिवसात मिळतं.

पगाराच्या स्लिपवरचे दोनशे रुपये

'आमच्या टॅक्सवर जगतात' म्हणणाऱ्यांनी आपली पगाराची स्लिप काढावी. महाराष्ट्रात नोकरी करत असाल तर त्यात 'पीटी' म्हणून एक कपात दिसेल. व्यवसाय कर. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला.

ती गोष्ट आपण विसरलोय, म्हणून सांगतो. १९७२चा दुष्काळ. १९७३च्या मे महिन्यात या राज्यात जवळपास ५० लाख माणसं सरकारी दुष्काळी कामांवर होती. खडी फोडत होती, पाझर तलाव खणत होती, रस्ते करत होती. मोर्चे निघायचे ते फुकट धान्यासाठी नाही, काम सुरू करा म्हणून. त्याच अनुभवातून वि. स. पागे यांच्या आग्रहाने 'मागेल त्याला काम' ही कल्पना कायदा झाली. १९७७ साली कायदा मंजूर झाला, १९७९च्या प्रजासत्ताक दिनापासून लागू झाला. काम मागणं हा हक्क ठरला, आणि त्याचा खर्च शहरातल्या पगारदाराने थोडा उचलायचा ठरला. हा उपकार नव्हता, करार होता. गावातला माणूस शहराला दूध, साखर, भाजी आणि स्वतःची पोरं पुरवतो. त्याबदल्यात दुष्काळात त्याच्या हाताला काम मिळेल, एवढंच शहर कबूल करतं. २००५ साली देशाने महाराष्ट्राचीच कल्पना उचलली.

मग रोजगार हमी असताना मावशी ऊसतोडीला का जाते? हा प्रश्न दादाने मला विचारला, आणि चांगला प्रश्न आहे. उत्तर तिने एका वाक्यात दिलं: "हमीचं पैसं कवा येतंय त्याचा भरवसा न्हाई, मुकादम लगीन ठरल्या दिवशी देतोय." मजुरी १५ दिवसांत द्यायची असं कायदा सांगत होता. प्रत्यक्षात महिने जायचे. त्यात २०२३पासून दिवसातून दोनदा कामावरचा फोटो अॅपवर चढवायचा नियम आला. रेंज नाही म्हणून फोटो चढला नाही तर दिवसाची मजुरी अडकते. २०२४पासून आधारशी जोडलेल्या खात्यातच पैसे. नाव जुळलं नाही, पैसे अडकले. चोरी थांबवायला नियम हवेत, कबूल. पण चोर ठेकेदार आणि शिक्षा मजुराला, हा कसला नियम? आता २०२५च्या डिसेंबरमध्ये संसदेने तो कायदाच बदलला. कागदावर १०० दिवसांचे १२५ झाले, पण बहुतेक राज्यांवर ४० टक्के खर्चाचा भार आला, आणि शेतीच्या हंगामात ६० दिवस कामं बंद ठेवायची मुभाही आली. मागेल त्याला काम, पण शेतमालकाला मजूर लागत नसेल तेव्हा. पागेंच्या मूळ कल्पनेत मजुराच्या हातात थोडी ताकद यावी असं होतं. ती ताकदच खुपते आहे, दुसरं काय?

'मग इतके लोक वर कसे आले?'

दादाचा शेवटचा मुद्दा हा होता. ऊसतोड्याचा मुलगा फौजदार झाला, कलेक्टर झाला, अशा बातम्या येतात की. येतात. मलाही आनंद होतो. पण बातमी कशाची होते? रोज घडत नाही त्याची. शंभर पोरं फडातून अभ्यास करतात, एक पास होतं, त्याचं रील होतं. उरलेल्या नव्याण्णवांना आपण म्हणतो, बघा, त्याला जमलं. म्हणजे ज्याच्या यशाचा अभिमान बाळगायचा, त्याच्याच यशाचा दगड करून बाकीच्यांना मारायचा.

आणि थोडं मोठं चित्र पाहा. १९९० साली जगातली एक तृतीयांशाहून जास्त माणसं अत्यंत गरिबीत होती. आज तो आकडा साधारण दहाव्या हिश्शाच्या आसपास आहे. चीन, भारत, बांगलादेश, व्हिएतनाममध्ये कोट्यवधी लोक त्यातून बाहेर पडले. गरिबी आळसाची असेल तर या ३० वर्षांत एवढ्या लोकांचा आळस एकदम कसा काय गेला? त्यांनी रील पाहिली नव्हती. बदलले ते नियम, रस्ते, कारखाने, शाळा, दवाखाने, जमिनीचे हक्क. आर्थिक वाढीने गरिबी कमी होते, हे मी नाकारत नाही, उलट ठासून सांगतो. पण वाढ झाली की ती सगळ्यांच्या दारात आपोआप जात नाही. महाराष्ट्रातल्या साखर कारखानदारीइतकी वाढ आणखी कोणत्या ग्रामीण धंद्याची झाली? साखरेतून शाळा निघाल्या, बँका निघाल्या, इंजिनीअरिंग कॉलेजं निघाली, आमदार-खासदार निघाले. ऊस तोडणारी बाई मात्र अजून कोपीत निजते.

मग करायचं काय

मला विचाराल तर मी मोठ्या गप्पा मारणार नाही. चार साध्या गोष्टी सांगतो.

एक, कोयत्याचे दोन करा. नवरा-बायकोची नोंद वेगळी, मजुरी वेगळ्या खात्यात. जिचे हात मोळी बांधतात, तिचं नाव वहीत हवं.

दोन, उचल कागदावर आणा. रक्कम, दर, खाड्याचा नियम, सगळं लेखी, आणि कारखाना त्याला जबाबदार. मुकादम मध्ये घालून कारखान्याने हात झटकायचे, हे बंद.

तीन, मदत द्यायचीच तर हंगामाच्या आधी, एकरकमी घ्यायची मुभा द्या. दीड हजाराप्रमाणे वर्षाचे १८ हजार होतात. दर महिन्याला आले तर तेलमिठात जातात. दसऱ्याच्या आधी एकदम हातात आले तर तेवढी उचल कमी घ्यावी लागेल, किंवा दोन शेळ्या येतील. योजना निवडणुकीच्या कॅलेंडरवर न चालवता ऊसतोडीच्या कॅलेंडरवर चालवून पाहा.

चार, गावातलं काम आणि त्याची मजुरी वेळेवर. ज्या वर्षी हे होईल, त्या वर्षी मुकादमाला दर वाढवावा लागेल. आणि हे लवकर व्हायला हवं, कारण उसात आता हार्वेस्टर यंत्रं उतरली आहेत. फडातलं काम कमी होईल तेव्हा उचलीचा फास सुटेल खरा, पण त्याबरोबर घासही जाईल. त्या दिवसासाठी आपण काहीही तयार केलेलं नाही.

आणि पाचवी गोष्ट सरकारने करायची नाही, आपण करायची आहे. तुमच्या घरात हक्कसोडपत्र झालं आहे का, ते विचारा. कुणी सही केली, तिला काय मिळालं, ती आज कुठे आहे, विचारा. मी दादाला विचारलं. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बाबांना विचारावं लागेल." मी म्हटलं, विचार. अजून त्याने विचारलं की नाही, मला माहीत नाही. माझ्या आईच्या हिश्शाचं मीही इतकी वर्षं विचारलं नव्हतं. तेव्हा हे भांडण दादाशी आहे तेवढंच माझ्याशीही आहे.

मावशी सध्या सांगली जिल्ह्यात आहे. परवा रात्री नऊला फोन केला तर नातवाने उचलला. आजी झोपली, म्हणाला. ट्रक कधी येईल सांगता येत नाही, म्हणून आधीच झोपून घेतलं.